पिकअपच्या डाल्यात काय बसवावं: पूर्ण चिकटलेलं, नाहीतर उचलता येणारं

भाऊ, तुम्ही विचारलं आहे की चार महिन्यांच्या पिकअपच्या डाल्यात कोणतं अस्तर बसवावं. डाला नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, तळाला नालीदार पत्रा. गाव कारंजा घाडगेकडे, म्हणून दिवाळीच्या आगेमागे संत्रा, त्याच्या जोडीला कापूस, मिरगाच्या तोंडावर खत-बियाणं, बाजाराच्या दिवशी शेळ्या, आणि कोणाचं घर निघालं की गिट्टी-रेती. एक जण म्हणतो चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा जाड लोखंडी पत्रा) मारून टाक, दुकानदार म्हणतो तयार प्लास्टिक लायनर घे, साळा म्हणतो कोटिंगचा स्प्रे कर. पैसे एकदाच घालायचे आहेत.

मी वणीला बॉडीचं काम करतो, सव्वीस वर्षं झाली. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो आणि प्रत्येकाला एखाद्या मालाचं नाव ऐकायचं असतं. मी आधी नाव सांगत नाही, अट सांगतो. डाल्यात जे घालाल ते एकतर पत्र्याला इंच न इंच चिकटलेलं असावं, नाहीतर दोन माणसांनी धरून बाहेर काढता यावं. ना धड चिकटलेलं, ना निघणारं, असं जे असतं त्याच्याच खाली गाड्या सडतात.

एक गाडी सांगतो. मारेगावकडची, पाच वर्षांची. मालक आला होता फाळक्याची, म्हणजे डाल्याच्या मागच्या दाराची, बिजागरी निखळली म्हणून. वरून डाला ठणठणीत. नवी घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात तीन मिलिमीटरची चेकर प्लेट टाकून कडेने वेल्डिंगचे टाके मारलेले होते. बिजागरी लावायला गेलो तर वेल्डिंग धरेना, कारण धरायला खाली पत्राच नव्हता. मालकाला विचारून मागच्या दीड फुटाची प्लेट ग्राइंडरने कापली. उचलली तेव्हा जो वास आला तो मी विसरलो नाही: खताचा, लेंड्यांचा आणि ओल्या गंजाचा एकत्र. नालीदार पत्र्याच्या प्रत्येक नालीत काळा चिखल दाबून भरला होता, आणि त्या चिखलात सोयाबीनचे दाणे कोंब फुटून पिवळे पडले होते. गाडीत शेवटचा सोयाबीन जाऊन तीन आठवडे झाले होते. एवढे दिवस तिथे ओल होती, बाहेर कोरडं ऊन असताना. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर भाकरीत बोट जावं तसा आरपार गेला. मालक नुसता बघत राहिला. म्हणाला, "म्या तं मजबुतीसाठीच लावली होती."

असं का होतं ते नीट समजून घ्या, मग बाकी निवड सोपी आहे. पत्र्याला नुसतं पाणी तितकं लवकर खात नाही. पाऊस पडला, ऊन आलं, पत्रा वाळला, तर गंज हळू चालतो. पाणी दोन थरांच्या मध्ये अडकलं की वाळतच नाही, आणि आपल्याकडे त्या पाण्यात काय काय मिसळतं पाहा. पोटॅशचं पोतं फुटलं तर ते पोटॅशियम क्लोराइड आहे, मिठाचाच भाऊ. डीएपी, युरिया हे हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून सांडलेले दाणे रात्रीतून चिकट होतात. शेळ्यांच्या मुताने क्षार आणि अमोनिया येतो. फुटलेल्या संत्र्याचा रस आंबट आहे, तोही रंगाच्या ओरखड्यात शिरून काम करतो. हे सगळं मिसळलेलं ओलं पोतेरं पत्र्यावर महिनोन्महिने दाबून ठेवायचं, आणि वरून त्याला झाकण घालायचं. वेल्ड केलेली प्लेट नेमकं हेच करते. शिवाय गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून प्लेट मध्येच फुगल्यासारखी दिसते. ती फुगलेली दिसली तेव्हा उशीर झालेला असतो.

याचा अर्थ चेकर प्लेट वाईट असा नाही. रोज गिट्टी, मुरूम, विटा वाहणाऱ्याला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. फावड्याची धार आणि टाकलेल्या दगडाचा मार लोखंडच सोसतं. पण ती वेल्ड करू नका. नट-बोल्टने बसवा, खाली नालीच्या उंचवट्यांवर रबराच्या पट्ट्या ठेवा, आणि वर्षातून दोनदा बोल्ट काढून खालून पाणी मारा. पट्ट्यांचा दुसरा फायदा म्हणजे रिकाम्या गाडीचा खडखडाट जातो. पट्ट्या गाडीच्या लांबीत ठेवा, आडव्या ठेवल्या तर पाणी अडवतील. बोल्टसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालू नका. उघडं भोक म्हणजे गंजाला दिलेलं दार. गाडी वॉरंटीत आहे तर भोकं पाडण्याआधी शोरूमला विचारून घ्या, आणि उत्तर लेखी घ्या.

आणि काही कारणाने डाल्यावर वेल्डिंग करावंच लागलं, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावायची, आणि डाल्याखाली डिझेल टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग कुठून गेलं आहे ते वाकून बघायचं. आताच्या बीएस-६ गाड्यांत कंट्रोल युनिट असतात, वेल्डिंगच्या करंटने ती जाऊ शकतात. कारागीर "काही होत नाही" म्हणाला तर गाडी परत घेऊन जा.

वजनाचा हिशोब कोणी करत नाही, तो इथेच करू. तुमच्या डाल्याचा तळ साधारण ५० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४.६ चौरस मीटर. लोखंडाचा एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. तीन मिलिमीटरची चेकर प्लेट वरच्या नक्षीसकट तुमच्या तळाला ११५ ते १२० किलो होते. ती गाडीसोबत रोज, रिकाम्या फेरीलाही फिरणार. ४५ किलोच्या युरियाच्या अडीच गोण्या कायमच्या डाल्यात पडून आहेत असं समजा. आरसीवर गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यांच्या फरकातूनच हे वजा होणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, त्यामुळे काट्यावर हे शंभर किलोही मोजले जातात. ॲल्युमिनियमची तेवढीच चादर चाळीस किलोच्या आसपास बसते. पण ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलीत एकमेकांना थेट लागले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होत झिजतं. खताच्या गाडीत ते आणखी लवकर. मध्ये रबर किंवा जाड प्रायमर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता प्लास्टिकचा तयार लायनर. हा साच्यातून काढलेला असतो, बहुधा एचडीपीईचा, डाल्यात नुसता बसवतात आणि कडेने स्क्रू मारतात. दिसायला सुरेख, धुवायला सोपा, खताचा किंवा आम्लाचा त्याला काही फरक पडत नाही. थंड देशांत तो चालत असेल, आपल्या उन्हात मला तो पटत नाही. प्लास्टिक तापलं की लोखंडाच्या कितीतरी पट वाढतं. तुमच्या नऊ फुटांच्या डाल्यात तापमान चाळीस अंशांनी चढलं तर पत्रा लांबीला मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर वाढेल, प्लास्टिक दीड-दोन सेंटीमीटर वाढेल. आणि चाळीस अंश म्हणजे आपल्याकडे विशेष काही नाही. हिवाळ्यातली पहाट बारा-पंधरा अंशांची असते आणि मे महिन्यात दुपारी डाल्याच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. त्या वाढीला जागा मिळाली नाही की लायनर मधोमध फुगतो, स्क्रूच्या भोकांपाशी चिरतो. रात्री परत आकसतो. हे आत-बाहेर रोज चालतं, आणि खाली शिरलेली बारीक रेती पॉलिश पेपरसारखी पत्र्याचा रंग घासत राहते. प्लास्टिकला ओरखडाही नसतो, खालचा रंग मात्र गेलेला असतो. वरून ते गुळगुळीत. संत्र्याचे क्रेट वळणावर इकडून तिकडे सरकतात, आणि शेळी त्यावर उभीच राहू शकत नाही.

त्याची आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक जण फवारणी पंपासाठी पेट्रोलची कॅन भरून आणतो. प्लास्टिकच्या लायनरवर ठेवलेल्या कॅनमध्ये पंपावर पेट्रोल भरताना स्थिर वीज साचते, तिला जमिनीत जायला वाट नसते, ठिणगी उडते आणि वाफ पेटते. अमेरिकेत अशा आगी लागल्या, आणि तिथल्या कामगार-सुरक्षेच्या नायॉश या संस्थेने १९९८ साली त्याबद्दल इशारा काढला. कॅन नेहमी खाली जमिनीवर ठेवूनच भरा. डाल्यात रबर असो, कोटिंग असो, काहीही असो, नियम हाच. पोराला गाडी देत असाल तर त्यालाही हे सांगून ठेवा.

प्लायवूडचा तुकडा, बांबूचा तट्टा, गोणपाट, तणस यांना मी नावं ठेवत नाही. संत्र्याखाली तणस उत्तमच. पण ही दर फेरीची सोय झाली, डाल्याचं संरक्षण नव्हे. प्लायवूड पावसाळाभर आत राहिलं तर पाण्याचा बोळा होतं.

आता आमच्या वणी-चंद्रपूर भागातली खरी देशी युक्ती, जी तुमच्याकडे फारशी पोचलेली नाही: कोळशाच्या खाणीतला आणि वीज केंद्रातला जुना कन्व्हेयर बेल्ट. घासलेला पट्टा लिलावात निघतो, भंगारवाल्यांकडे येतो आणि फुटावर किंवा किलोवर मिळतो. आत नायलॉनच्या कापडाचे पदर, वर-खाली रबर. दहा मिलिमीटरचा पट्टा चौरस मीटरला बारा किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या तळाला पंचावन्न किलो, प्लेटच्या निम्म्याने. ज्या पट्ट्यावरून वर्षानुवर्षं कोळशाची ढेकळं गेली, तो तुमच्या गिट्टीला काय भीक घालणार? माल सरकत नाही, आवाज होत नाही, जनावर उभं राहतं. मुख्य म्हणजे तो उचलता येतो.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कापलेल्या कडेकडे बघा. आत पोलादी तारांची रांग दिसली तर तो घेऊ नका. त्या तारा कडेतून बाहेर येतात, हात फाडतात, पोती फाडतात, पत्रा खरवडतात. कापडी पदराचाच घ्या. कडेला पदर सुटलेले, फुगलेले असतील तर पट्टा आतून पाणी प्यायलेला आहे, तो सोडा. पूर्ण रुंदीचा एक पट्टा घेण्यापेक्षा गाडीच्या लांबीत दोन पट्टे घ्या. एक अख्खा तुकडा भिजल्यावर चार माणसांना हलत नाही, मग कोणी उचलतच नाही, आणि आपण पुन्हा मारेगावच्या गाडीकडे जाऊन पोचतो. कापायला नवं पातं लावलेली सुरी, साबणाचं पाणी आणि लोखंडी पट्टी. पात्यावर पाणी सोडत राहिलं की रबर सुरीला धरत नाही. एका दमात कापायला जाऊ नका, तीन-चार वेळा त्याच रेघेवरून ओढा. कापलेल्या कडेचं उघडं कापड पंक्चरवाल्याच्या रबर सोल्यूशनने बंद करा. तळाची पाणी निघायची भोकं आधी मोजून घ्या आणि पट्ट्याने ती बुजत नाहीत ना ते बघा. नालीदार तळाचा इथे फायदा होतो. पट्टा उंचवट्यांवर बसतो आणि खालून पाणी नाल्यांतून मागे निघून जातं, फक्त गाडी उभी करताना तोंड थोडं चढावर असू द्या.

खाणीतला पट्टा आणल्या आणल्या त्यावर संत्रा टाकू नका. कोळशाची भुकटी रबरात बसलेली असते. कपड्याच्या साबणाने दोन्ही बाजू ब्रशने घासा, दोन-तीन दिवस उन्हात टाका, पांढरं फडकं फिरवून बघा. फडकं काळं निघणं थांबेपर्यंत धुवा. मोकळा संत्रा असेल तर तरीही मध्ये ताडपत्री किंवा तणस हवंच. डिझेल, ऑइल सांडलं तर लगेच पुसा, ते रबर फुगवतं. पांढऱ्या रंगाच्या डाल्यात रबराखाली तपकिरी डाग पडतील, ते डाग आहेत, गंज नव्हे, घाबरू नका. भंगारातला पट्टा मिळत नसेल तर गोठ्यात गाईंखाली टाकतात ती रबरी मॅट चालते, पण बारा-पंधरा मिलिमीटरची, दाट. स्पंजासारखी हलकी मॅट पाणी धरून ठेवते.

शेळ्यांचं एक सांगतो. तुम्ही लिहिलं की त्या बाजारात पोचेपर्यंत एक-दोन खाली बसतात आणि पाय घसरतात. रबर टाका, आणि त्यावर तणस पसरा. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांतही शेळ्या-मेंढ्यांखाली पेंढ्यासारखं काहीतरी कमीत कमी ५ सेंटीमीटर जाड असावं असं आहे. चार बोटं तणस जाताना टाकायचं, येताना झाडून शेतात. लेंडी-मूतही त्याच्याबरोबर निघून जातं, तेव्हा डाल्याचंही भलं.

आणि आता तुमच्या साळ्याचा स्प्रे. माझ्या अटीतला दुसरा अर्धा, चिकटलेलं अस्तर, ते हेच. नीट केलेलं काम असेल तर यासारखं दुसरं काही नाही. नीट केलेलं नसेल तर प्लेटपेक्षा वाईट, कारण कडेने सुटलेली साल पाणी आत घेते आणि वरून दिसत नाही.

स्प्रे या एका शब्दात दोन वेगळी कामं आहेत. एक गरम मशीनचं पॉलियुरिया. त्यात दोन द्रव वेगवेगळे तापवून, मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात आणि ते पत्र्यावर पडता पडता काही सेकंदांत घट्ट होतात. जाडी दोन-तीन मिलिमीटर सहज येते. हे मशीन महाग असतं, गावोगावच्या गॅरेजात नसतं. गच्ची आणि टाक्यांच्या वॉटरप्रूफिंगची मोठी कामं करणाऱ्यांकडे बहुधा असतं, तिथे विचारा. दुसरं काम बाटलीतलं किंवा डब्यातलं, दोन भागांचं कोटिंग. रॅप्टर नावाचं मिळतं ते याच जातीचं, त्यात तीन भाग रंगाला एक भाग हार्डनर. साध्या कॉम्प्रेसरच्या गनने किंवा रोलरने मारता येतं. तुमच्या भागात तुम्हाला जे दर सांगितले गेले ते बहुतेक या दुसऱ्याचे, पण जाडी पहिल्याची सांगतात.

त्यांना पकडायचा हिशोब अगदी सोपा आहे. एक लिटर द्रव एका चौरस मीटरवर पसरला की जाडी एक मिलिमीटर होते. तळ आणि दीड फूट उंचीच्या चारही बाजू धरून तुमच्या डाल्याचं आतलं अंग साडेआठ चौरस मीटर आहे. कोणी चार लिटरमध्ये काम करतो म्हणाला तर ओली जाडी अर्धा मिलिमीटरही होत नाही, आणि थिनर उडाल्यावर त्याहून कमी. तो तीन मिलिमीटर म्हणत असेल तर त्याला विचारा, पंचवीस लिटर माल कुठे ठेवला आहे? माल तुमच्यासमोर फोडायला लावा, डबे मोजा. पातळ कोटिंगही गंजाविरुद्ध उपयोगी आहे, मी ते लावतोच, पण पातळ म्हणून लावतो आणि पातळाचेच पैसे घेतो.

कोटिंग टिकतं ते खालच्या घासण्यावर. तुमची गाडी नवी आहे, हे तुमचं नशीब. कारखान्यात बॉडी रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात, त्यामुळे पहिला थर कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतो, आणि मग तो भट्टीत भाजतात. त्या तोडीचं प्रायमर आपण गॅरेजात बसवू शकत नाही. म्हणून नव्या डाल्याला ग्राइंडर लावून लोखंड उघडं करणाऱ्याच्या हातून गाडी काढून घ्या. आधी साबणाने धुवायचं, मग थिनरने तेलकटपणा काढायचा, मग १८० नंबरच्या पेपरने नुसती चमक मारायची. नख फिरवल्यावर काचेसारखं न लागता खडूच्या पाटीसारखं लागलं पाहिजे. नाल्यांच्या आत, सांध्यांत, बोल्टच्या टोपीभोवती पेपर पोचत नाही, तिथे घासणी हाताने. सगळी कामं तिथूनच सुटतात, मधून कधीच नाही. जिथे ओरखडा लोखंडापर्यंत गेला आहे तिथे तेवढ्यापुरता ८० नंबर आणि इपॉक्सी प्रायमर. साधा रेड ऑक्साईड प्रायमर खाली मारू देऊ नका, वरच्या कोटिंगचं थिनर त्याला सुरकुत्या पाडतं. पाणी निघायच्या भोकांत कोटिंगआधी खिळे किंवा काड्या घालून ठेवायच्या, मग काढायच्या. कारागीर अनोळखी असेल तर पत्र्याच्या एका तुकड्यावर आधी मारून घ्या. आठ दिवसांनी ब्लेडने चौकटी-चौकटी कापा, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर आल्या तर त्याला गाडी देऊ नका.

दुसरा शत्रू दमट हवा. माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून मी श्रावणात कोटिंग केलं. दोन दिवस उघडीप होती, पत्रा हाताला कोरडा लागत होता. दसऱ्याला गाडी परत आली. वर बारीक बारीक छिद्रं, आणि कोपऱ्यातून धरून ओढलं तर पोळीचा पापुद्रा निघावा तशी साल निघाली. पूर्ण डाला खरवडून, फुकट, पुन्हा केला. कारण मला नंतर कळलं. या मालाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला ओल मिळाली की ते रंगाऐवजी पाण्याशी जुळतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतं. डोळ्यांना न दिसणारं दवही पुरतं. पत्रा दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या ओलीचं दव व्हायला लागतं त्या, तापमानापेक्षा निदान तीन अंश गरम हवा, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. त्यानंतर मी मिरगापासून दसऱ्यापर्यंत, कितीही ओळखीचा माणूस असला तरी, कोटिंग घेत नाही. मे महिन्यात भर दुपारीही घेत नाही. तापलेल्या पत्र्यावर थिनर इतक्या लवकर उडतं की माल पसरायच्या आत साय धरतो.

याच आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला दम्यासारखा त्रास देते आणि तो एकदा जडला की जात नाही. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क याचा उपयोग शून्य. घरच्या घरी मारायचा विचार असेल तर गनने नाही, रोलरनेच मारा, उघड्यावर, योग्य गॅस मास्क लावून, आणि पोरांना-जनावरांना दूर ठेवून. गरम मशीनचं काम बाहेरून हवा येणाऱ्या मास्कशिवाय होत असेल तर तिथे स्वतःही उभं राहू नका.

काळं कोटिंग दोन-तीन उन्हाळ्यांत पांढुरकं पडतं. तो उन्हाचा परिणाम वरवरचा असतो, खालचा पत्रा सुरक्षित असतो. त्यासाठी न विटणाऱ्या महाग जातीचे पैसे देऊ नका, डाला दाखवायला नसतो.

तर तुमच्या गाडीला मी काय करीन: तळाला, बाजूंना, फाळक्याच्या आतून आणि केबिनमागच्या भिंतीला दोन भागांचं कोटिंग, तळाला आणि केबिनमागे जास्त हात, कारण ब्रेक मारला की सगळा माल त्या भिंतीवर जातो. आणि तळावर मोकळे ठेवलेले बेल्टचे दोन पट्टे. कोटिंग गंज अडवेल, बेल्ट मार खाईल. एकट्या कोटिंगवर गिट्टी टाकली तर फावड्याने ते चिरेल, एकटा बेल्ट टाकला तर ओरखड्यांतून गंज सुरू होईल. दोघांचं मिळून वजन ऐंशी किलोच्या आत राहतं. पैसे एकदम जमत नसतील तर आधी बेल्ट. रोज रेती-गिट्टीच वाहणार असाल तर मात्र बेल्टऐवजी बोल्टची प्लेट घ्या.

आता भाद्रपद चालू आहे, म्हणून कोटिंग आज नको. आज बेल्ट आणा, धुवा, टाका. दर महिन्याला, आणि खताच्या किंवा शेळ्यांच्या प्रत्येक फेरीनंतर, दोन्ही पट्टे फाळक्यावर ओढून घ्या, नाल्यांत पाइपने पाणी सोडा, तासभर उन्हात उघडा ठेवा. आंबिया बहाराचा संत्रा आणि कापसाची घाई उरकली की संक्रांतीच्या सुमारास, मृग बहाराचा माल सुरू व्हायच्या आत, तीन-चार दिवस गाडी रिकामी ठेवा. तेव्हा हवा कोरडी असते, पण पहाटे दव पडतं, म्हणून काम सकाळी दहाच्या पुढे सुरू करायला सांगा. कोटिंग झाल्यावर हलका माल दोन-तीन दिवसांनी घाला, जड माल आणि बेल्ट मात्र आठवडाभर नको, आत पूर्ण पक्कं व्हायला तेवढा वेळ लागतो. त्या आठवड्याचं भाडं आधीच दुसऱ्या गाडीला सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्याच दिवशी कोणीतरी खताच्या गोण्या घेऊन दारात उभा राहील आणि तुम्हाला नाही म्हणवणार नाही.